कागदावरच्या जुळ्या

एक जूनला आर्वीत अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. साठीच्या आगेमागे असलेल्यांचा तर झाडून सगळ्यांचा. सकाळपासून घरोघरी फोन वाजायला लागतात. बँक शुभेच्छा देते, विमावाले देतात, गॅसची एजन्सी देते. आणि ज्यांचा वाढदिवस ती माणसं फोन पालथा ठेवून आपापल्या कामाला लागतात. कारण ही तारीख त्यांची नसते, शाळेतल्या गुरुजींची असते. त्या काळी खेड्यात पोरगं शाळेत घालायला आणलं की त्याची जन्मतारीख कोणाला सांगता यायची नाही. गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

बेबीनंदा भोयर आणि तिची थोरली बहीण कुंदा यांचा तर दिवसही एक आणि सालही एक. कागदावर दोघी जुळ्या. खरं अंतर चार वर्षांचं.

त्या एक जूनला बेबीनंदाची मुलगी प्रांजली नागपूरहून आली होती आणि दोन गल्ल्यांपलीकडे राहणारी कुंदामावशी रसाच्या जेवणाला आली होती. ओट्याशी आई आंबे पिळत होती. कोपरापर्यंत हात रसाने माखले होते.

"काय जुळ्यांनो, बासष्ट पूर्ण!" प्रांजली म्हणाली.

"माझे कुठले बासष्ट? मले अजून साठही पुरे नाही झाले. या तुझ्या मावशीनं मले दोन वर्षं म्हातारी केलं."

"घ्या! आणि मले दोन वर्षं तरुण केलं तूनं, ते नाही सांगत," मावशी खाटेवरून म्हणाली.

ही गोष्ट प्रांजलीला पाठ होती, तरी दरवर्षी ती नव्याने सांगितली जायची. शाळा शेजारच्या गावात, नाल्यापलीकडे. कुंदा आठ वर्षांची झाली तरी एकटीला पाठवायला बाप तयार नव्हता. मग सोबतीला चार वर्षांची बेबी. वय ओळखायची गुरुजींची एक रीत होती. हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायचा. बोटं कानाला टेकली तर पोरगं सहा वर्षांचं. कुंदाची टेकली. बेबीची कुठली टेकतात?

"मग मी हिच्या कानात सांगितलं," मावशी म्हणाली, "मान टाक वं तिकडं."

"आणि मी टाकली! असा हात नेला..." उजवा हात रसात होता म्हणून आईने डावा उचलला. तो डोक्यापर्यंत गेला आणि अडकला. तिने तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही नाही. खांदा धरला आहे बाप्पा कालपासून. लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या ना." तिने हात हळूच खाली घेतला. "तर गुरुजी म्हणाले, दोघींचे हात पुरले, दोघी सहाच्या. लिहिलं अन् संपलं."

जेवणं होईतो दोघींच्या फोनवर आणखी एक संदेश आला. हा मात्र दोघींनी उघडला, कारण तो प्रांजलीच्या कचेरीतून आला होता. सरकारने तीन वर्षांपूर्वी रक्तवय योजना सुरू केली होती. पन्नाशीनंतर दरवर्षी रक्ताचा थेंब द्यायचा, त्यातल्या साखरांवरून रक्ताचं वय निघायचं आणि त्याचा निकाल वाढदिवसाच्या दिवशी यायचा, कारण त्या दिवशी वय एकाने पुढे सरकायचं. प्रांजलीने मराठीत एम.ए. केलं होतं. योजनेचे मराठी संदेश लिहायचं काम तिच्याकडे होतं. नोकरी मिळाली तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते.

"माझं लाल आलं वं," मावशी म्हणाली.

फोनवर लिहिलं होतं: आपले रक्त आपल्या वयाच्या पुढे गेले आहे. कृपया आठ दिवसांच्या आत केंद्रात यावे.

आईने आपला फोन डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचलं, "आपले रक्त आपल्या वयाला शोभेसे आहे. काळजी नसावी." मग कौतुकाने म्हणाली, "शोभेसे! माझ्या पोरीनं लिहिलं ते."

"मले तर शुगर नाही," मावशी कुरकुरली. "मागच्याच महिन्यात पाहिली. मग हे साखरेचं काय लाल करून राहिले?"

प्रांजली हसली. हा प्रश्न तिला सगळ्या जिल्ह्यांतून यायचा. "ती शुगर नाही, मावशी. ही वेगळी."

तिने ताटाच्या कडेला बोटाने बेचकी काढून दाखवली. रोगाशी लढणारी जी प्रथिनं रक्तात फिरतात त्यांचा आकार असा, बेचकीसारखा. बेचकीच्या सांध्यापाशी निरनिराळ्या साखरांच्या कणांची एक इवलीशी साखळी असते. तरुण माणसाच्या साखळ्यांच्या टोकांना गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचे कण असतात. वय वाढतं तसे ते कमी होत जातात, टोकं बोडकी पडतात. शरीरात कुठे आतल्या आत दाह चालू असला, एखादी रक्तवाहिनी धुमसत असली, तर वयाच्या आधीच बोडकी पडतात. आणि बोडक्या टोकाची साखळी गप्प बसत नाही, ती दाह आणखी वाढवते. राखही तीच आणि ठिणगीही तीच. यंत्र थेंबातल्या साखळ्या तपासून सांगतं, हे रक्त अमुक वयाच्या माणसाचं दिसतं. मग ते कागदावरच्या वयाशी ताडून पाहायचं. चार वर्षांहून जास्त पुढे असलं तर लाल. मग हृदयापासून सगळ्या तपासण्या आणि दाह उतरवायच्या गोळ्या. त्याच्या आत असलं तर हिरवं.

"तुझं सदुसष्टचं दिसतंय, मावशी. पाच पुढे. आईचं पासष्टचं. तीन पुढे, म्हणजे चालेल."

"पाहा! इथंही बेबीच पास," मावशी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

ते पाहून आईने कामाचा ताबाच घेतला. "तू आता उठायचं नाही, बाई. आजारी आहेस तू." तिने बहिणीला कूलरसमोर झोपवलं, पायांवर चादर टाकली, भांडी घासली, ओटा धुतला. कूलर कोरडा पडला तेव्हा अंगणातल्या नळावरून बादली भरून आणली. प्रांजली धरायला गेली तर, "तू पाहुणी आहे, बस." दुसरी बादली आणताना मात्र ती मधेच थांबली, बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसली. कपाळावर घाम होता, पण एक जूनला आर्वीत कोणाच्या कपाळावर नसतो?

"दमलीस का?"

"मी कायची दमते? हिरवी आहे मी." आईने तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले. "तूच लिहिलं ना, काळजी नसावी?"

प्रांजली हसली.

संध्याकाळी आई लोणच्याची बरणी पुसत होती. बोलता बोलता म्हणाली, "बँकवाले शुभेच्छा देतात, गॅसवाले देतात. खऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही नसते. तान्ह्या पोळ्याचा जन्म माझा. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारात आली अन् मी आली. त्या गडबडीत वाढदिवस कोण करते?"

यंदा मी करते, हे प्रांजलीच्या अगदी ओठांवर आलं. पण असलं काही बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. माया असायची ती डब्यात भरून दिली जायची. ती म्हणाली, "पोळा कधी आहे यंदा?"

"कॅलेंडरात पाहा," आई म्हणाली आणि बरणीला दादरा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून आई ओट्याला टेकून खाली बसली. प्रांजली दात घासून आत आली तेव्हा पाणी उकळून निम्मं झालं होतं. आईचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हृदयविकार असं सांगितलं आणि वय विचारलं.

"एकोणसाठ," प्रांजली म्हणाली.

डॉक्टरांनी ओळखपत्र पाहून बासष्ट लिहिलं.

तेरावं आटोपून ती कामावर परत आली. वाचणारी बाई होती. मरणावर लिहिलेलं तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काहीच उपयोगाला आलं नाही. टेबलावर पुढच्या महिन्याचे संदेश पडले होते. पहिलाच हिरव्यांसाठी होता, "आपले रक्त आपल्या वयाला", आणि त्या शेवटच्या शब्दापाशी तिची नजर थांबली. आपल्या वयाला. कोणत्या?

हिशेब तोंडी होण्यासारखा होता. आई साठीचीही नव्हती आणि रक्त पासष्टचं. म्हणजे पाच पुढे. लाल. मावशी चौसष्टीत होती आणि रक्त सदुसष्टचं. म्हणजे तीन पुढे. हिरवं. गुरुजींनी दोघींना एका वयात बसवलं आणि यंत्राने एकीचं आजारपण दुसरीला दिलं. ज्या बाईला हृदयाच्या तपासणीला बोलवायचं होतं तिने दिवसभर बादल्या वाहिल्या आणि जिला काही झालं नव्हतं तिच्या पायांवर चादर टाकली.

घरातल्या तिघींनाही खरं वय माहीत होतं. दरवर्षी त्यावर हसणं व्हायचं. एवढंच की तो विनोद आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. ते यंत्राला सांगायचं असतं हे कोणाच्याच मनात आलं नाही.

ती वरच्या मजल्यावर डॉक्टर तेलंगांकडे गेली. यंत्राच्या आकड्यांची जबाबदारी त्यांची होती. माणूस सज्जन. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"एक जूनचं आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षी दिसलं होतं. आलेख काढला की त्या दिवशी डोंगर उभा राहतो. इतकी माणसं एका दिवशी जन्मूच शकत नाहीत. आम्ही तपासलं. काहींचं वय वाढवून लिहिलंय, काहींचं कमी करून. दोन्हीकडे साधारण सारखंच. लाखभर लोकांची सरासरी काढली की चूक शून्यावर येते. म्हणून तसंच ठेवलं."

"शून्य," प्रांजली म्हणाली.

"सरासरीत. म्हणजे बघा, तुमच्या आई आणि मावशींचंच..." ते बोलता बोलता थांबले. पण ती पुढचं स्वतःच मोजून बसली होती. एक दोनने वर, एक दोनने खाली. दोघींची मिळून चूक खरोखरच शून्य होती.

"रक्तावरूनच खरं वय काढता येणार नाही का?"

"नाही ना. रक्ताला कॅलेंडर कळत नाही, झीज कळते. झीज जास्त की कमी हे ठरवायला शेजारी एक खरी तारीख लागते. ती आम्ही कुठून आणायची?"

"विचारायची. खरे किती वर्षांचे तुम्ही, असं एक वाक्य. मी लिहून देते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि त्यांनी सांगितलं तर आम्ही कशाच्या आधारावर धरायचं? कागद सोडून दुसरं काही धरलं की निवृत्तीपासून पेन्शनपर्यंत सगळं उकलत जातं. समितीपुढे ठेवतो मी. पण आशा लावून बसू नका." मग ते म्हणाले, "मावशींनी त्या गोळ्या थांबवल्या तरी चालेल. खरं तर त्यांना त्यांची गरज नाही."

हे मावशीला सांगायची गरज पडली नाही. रविवारी ती आर्वीला गेली तेव्हा मावशीच्या फळीवर गोळ्यांची पाकिटं होती तशी होती. केंद्राने तिच्या हृदयाची तपासणी केली होती. सगळं ठणठणीत निघालं होतं.

"मावशी, घेत नाहीस?"

मावशी गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बेबीच्या आहेत त्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगते मले? चौथी शिकली मी. वजाबाकी येते." तिने एक खडा बाजूला ठेवला. "तूनंच सांगितलं होतं, कागदाच्या वयाशी ताडतात म्हणून. इकडून दोन काढले अन् तिकडे दोन टाकले. आलं ध्यानात."

"तुझी काही चूक नाही यात."

"मान टाक तिकडं, हे कोण म्हणालं होतं तिले?"

"आठ वर्षांची होतीस तू!"

"कागदावर सहाचीच होती," मावशी म्हणाली आणि हसल्यासारखं करून पुन्हा सुपात पाहू लागली. "मले एकटीनं नाल्यापलीकडे जायचं भेव वाटे, प्रांजू. म्हणून नेली तिले."

प्रांजलीच्या पोटात अनेक वाक्यं होती. लोकांना धीर देणारी, मोजून मापून केलेली वाक्यं लिहिणं हा तिचा धंदाच होता. त्यातलं एकही मावशीपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. ती सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि गहू निवडू लागली.

मावशीची तारीख तरी सुधारून घेऊ म्हणून ती तहसीलच्या खिडकीवर गेली. तिथल्या बाईने नीट ऐकून घेतलं. अर्जदार स्वतः हजर पाहिजे, जन्माच्या वेळचा साक्षीदार हयात पाहिजे. धाकट्या बहिणीचीही सुधारायची आहे का? मग त्यांनाही घेऊन या. प्रांजली बरं म्हणून परत आली. मावशी म्हणाली, "राहू दे. दोघींची एकच आहे, तीही कायले तोडतेस?"

समितीचा निर्णय आला. संदेशात एक शब्द वाढवायला परवानगी मिळाली. आता तो असा जायचा: आपले रक्त आपल्या नोंदीतील वयाला शोभेसे आहे. काळजी नसावी. प्रांजलीने शेवटचं वाक्य काढून पाठवलं होतं. वरून ते पुन्हा घालून आलं. वाचणाऱ्याला धीर वाटला पाहिजे, असा शेरा होता. तिने दोनदा लिहिलं, एकदा जाऊन भांडली. नंतर संदेश तसाच कायम झाला, सगळ्या जिल्ह्यांसाठी, पुढच्या वर्षीच्या एक जूनवाल्यांसाठीही. नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं. पण ती गेली असती तरी ते वाक्य गेलं नसतं.

पोळ्याला तिने रजा काढली. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिने आईचं बंद घर उघडलं, झाडलं आणि माळ्यावरून लाकडी बैल काढला. आजोबांनी घडवलेला, चाकांचा; एक शिंग झिजलेलं. कुंदाचा होता, मग बेबीचा झाला. प्रांजलीने तो तेलाने पुसला आणि उंबऱ्याशी ठेवला. मावशी येऊन पायरीवर बसली. त्याच पायरीवर.

चार वाजता पोरंपोरी आली. कोणाचा बैल हातभर, कोणाचा वीतभर, एकीचा तर पुठ्ठ्याचा. प्रांजलीने प्रत्येकाच्या बैलाला कुंकू लावलं, बोजारा म्हणून हातावर खाऊ ठेवला. पुठ्ठ्याच्या बैलवाली म्हणाली, "इथली आजी दोन लाडू द्यायची." प्रांजलीने दोन दिले. गल्लीच्या वळणापर्यंत चाकांचा खडखडाट ऐकू येत राहिला.

"याच वेळेला," मावशी म्हणाली. "मी हा बैल ओढत घरी आली, तं सुईण दारात उभी. आत येऊ नको म्हणे, बहीण झाली तुले. मी म्हटलं, मग माझ्या बैलाले कुंकू कोण लावते?"

प्रांजली आत गेली आणि ताट घेऊन आली. निरांजन, अक्षता, सुपारी. मावशीने ताटाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"गेलेल्या माणसाले ओवाळत नाही, पोरी."

"माहीत आहे."

"मग?"

तिने ताट उंबऱ्यावर, बैलापुढे ठेवलं. वात वाऱ्याने हलली म्हणून मावशीने नकळत हाताचा आडोसा केला. आतल्या ओट्याकडे, जिथे आधण उकळून निम्मं झालं होतं तिकडे, पाहत प्रांजली बोलली. आणि आपला आवाज या घरात इतक्या मोठ्याने आपण कधी काढला नव्हता, हे तिला जाणवलं.

"आई, आज वाढदिवस आहे तुझा. साठ पूर्ण झाली असती. बासष्ट नाही आणि पासष्टही नाही, साठ. यंदा मी करणार होते, त्या दिवशी म्हणायचं राहिलं. आणि तू पायरीवर बसलीस ना, तेव्हा मी हसले. पण काळजी वाटली होती मला, आई. फार काळजी वाटली होती."